विषफुंकर, अंतर दहा फूट

अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत जावककाकांच्या हातून एकच पत्र भलत्या ठिकाणी गेलं, आणि ते नेमकं विष फुंकण्याबद्दलचं होतं. त्यात कोणाचा जीव गेला नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. एक मांत्रिक गेला, पण तो कागदावरचा होता.

जावककाका हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. ते वजने-मापे कार्यालयात होते, म्हणजे दुकानदाराचा तराजू खरा आहे का आणि कापडवाल्याची मोजपट्टी बोटभर आखूड तर नाही ना, हे बघणाऱ्या कार्यालयात. तिथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक कागदावर जावक क्रमांक टाकायचा आणि रजिस्टरात त्याची नोंद करायची, हे त्यांचं काम. ही सवय इतकी हाडीमाशी खिळली होती की घरच्या वाणसामानाच्या यादीवरही डाव्या कोपऱ्यात क्रमांक पडे. काकूंनी लग्नानंतर दोनतीन वर्षं हुज्जत घातली आणि मग नाद सोडला. "क्रमांक टाका," त्या म्हणत, "पण साखर विसरू नका." त्या रजिस्टरातली एकही ओळ अठ्ठावीस वर्षांत खोडलेली नव्हती. काकांना या गोष्टीचा अभिमान होता, आणि अभिमान बाळगण्यासारखं दुसरं फारसं काही नसल्यामुळे तो एकटाच चांगला गलेलठ्ठ झाला होता.

त्यांना एकुलती एक लेक. ती इमारतींचे नकाशे काढायची. एका दिवशी जेवताना तिने सांगितलं की दूरच्या शहरात मोठ्या कचेरीत तिला जागा मिळाली आहे आणि सहा आठवड्यांनी रुजू व्हायचं आहे. काकू एकदम रडायला लागल्या आणि मग हसायला लागल्या. काकांनी विचारलं, "लेखी आलंय का?" लेक हो म्हणाली. काका पुढे जेवले. चोवीस वर्षांत आपण या मुलीशी काय बोललो, याचा त्यांनी हात धुताना हिशेब काढला, तेव्हा "जेवलीस का", "छत्री घेतलीस का" आणि "फॉर्मची झेरॉक्स ठेवलीस का" या तीन वाक्यांपुढे गाडी जाईना. सहा आठवडे म्हणजे सहा रविवार. तेवढ्यात काय होणार, असं त्यांना वाटलं आणि फार वाईट वाटलं.

रविवारच का, तेही सांगायला हवं. दर रविवारी चार वाजता लेक आणि तिची मित्रमंडळी जेवणाच्या टेबलावर एक खेळ मांडत. चौकोन आखलेला पट, नाना आकारांचे फासे, आणि बाकी सगळा तोंडाचा कारभार. प्रत्येकाने एकेक पात्र घ्यायचं, कोणी तलवारवाली, कोणी तिरंदाज. लेक सूत्रधार. तिने सांगायचं की समोर गुहा आहे आणि आत कोणीतरी घोरतंय. खेळणाऱ्यांनी सांगायचं की आम्ही आत शिरतो. जमलं की नाही ते फासा ठरवणार. खेळणारे तिघे होते, दातांची डॉक्टर, बँकेतला कॅशियर आणि एक चष्मेवाला. चष्मेवाल्याची नेमकी त्याच आठवड्यात बदली झाली, आणि चौथी खुर्ची रिकामी पडली.

"दोघांना घेऊन दलदलीत कसं जाणार?" लेक म्हणत होती. "सगळं आखून ठेवलंय मी. सहा रविवारांत संपलं पाहिजे."

पलीकडच्या खोलीत काकांनी वर्तमानपत्राची घडी घातली, ते दारात आले आणि म्हणाले, "मी बसू का?"

कॅशियरने बिस्किट तोंडात तसंच धरून ठेवलं. लेक बापाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बस ना, बाबा. पण मधेच उठायचं नाही."

काकांना एक मांत्रिक मिळाला. नवशिका. त्याच्याकडे एकच मंत्र होता, तोही सगळ्यात खालच्या पायरीचा, त्याचं नाव विषफुंकर. हात पुढे करायचा आणि शत्रूवर विषारी वाफ फुंकायची. नियम असा की शत्रू दहा फुटांच्या आत हवा. शत्रूने वीस बाजूंचा फासा टाकायचा. तेरा किंवा त्याच्यावर पडले तर तो साफ वाचला. बारा किंवा खाली पडले तर काकांनी बारा बाजूंचा फासा टाकायचा, जितके पडतील तितकी शत्रूची ताकद कमी. फुंकर कितीही वेळा मारता येते, संपत नाही. हे शेवटचं काकांना फार आवडलं, कारण ऑफिसात शाईसुद्धा मोजून मिळायची.

पहिल्या रविवारी त्यांनी दोन रानउंदरांवर फुंकर मारली. दोन्ही उंदीर वाचले. शत्रूचे फासे लेक एका पुठ्ठ्याच्या पडद्याआड टाकायची आणि आकडा सांगायची. "सोळा," ती म्हणाली, आणि नंतर "चौदा." काकांनी मान डोलावली. पहिला दिवस आहे, असं मनाशी म्हटलं.

दुसऱ्या रविवारी समोर सांगाडे उभे राहिले. काकांनी ओळीने तीन फुंकरी मारल्या. तिसरीनंतर दातांची डॉक्टर हळूच म्हणाली, "काका, सांगाड्याला विष बाधत नाही."

"का?"

"त्याला पोट नाही, फुप्फुस नाही. जाणार कुठे ते?"

"मग हे मला पहिल्या फुंकरीला का नाही सांगितलं?"

"तुमच्या मांत्रिकाला माहीत नव्हतं, बाबा," लेक म्हणाली. "तो नवशिका आहे ना." हा खुलासा नियमाला धरून होता, त्यामुळे काकांना त्यावर काही बोलता येईना.

तिसऱ्या रविवारी वाटेत दोन लुटारू आडवे आले. एकावर दोनदा फुंकर मारली, दोन्ही वेळा तो वाचला. दुसरा डॉक्टरच्या तलवारवालीची औषधांची पेटी घेऊन पळायला लागला. काकांनी हात पुढे केला. लेकीने पटावरचे चौकोन मोजले. एक चौकोन म्हणजे पाच फूट. लुटारू तिसऱ्या चौकोनात होता.

"पंधरा फूट," ती म्हणाली. "पोचत नाही, बाबा."

पेटी गेली. डॉक्टरचा चेहरा दुखरी दाढ बघितल्यासारखा झाला. काका त्या दिवशी चहा न घेता उठले.

खालच्या मजल्यावर गणिताचे निवृत्त मास्तर राहायचे. जिन्यात भेटल्यावर काकांनी त्यांच्यापाशी मन मोकळं केलं. मास्तरांनी तिथेच भिंतीला कागद लावून गणित मांडलं. सांगाडे आणि पळालेला लुटारू वगळले तर खऱ्या संधी चार. प्रत्येक वेळी फुंकर लागण्याची शक्यता शंभरात साठ. चारही फुकट जाण्याची शक्यता शंभरात अडीच.

"म्हणजे माझ्यावर अन्याय होतोय," काका म्हणाले.

"छे. शंभर मांत्रिक घेतले तर अडीच मांत्रिकांचं असं होणारच. तुम्ही त्या अडीचातले." मास्तरांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. "मी म्हणेन, फाशाच्या नादी लागू नका. अंतर वाढवून घ्या. दहाचे तीस फूट झाले की जास्त वेळा फुंकता येईल. जास्त वेळा फुंकलं की कधीतरी लागेल."

सल्ला फुकटचा होता, पण मुद्देसूद होता. मागायचं तर रीतसर मागायचं, असं काकांनी ठरवलं. सोमवारी मधल्या सुट्टीत, डबा खाऊन झाल्यावर, त्यांनी ऑफिसच्या टेबलावर कागद ओढला. "मा. सूत्रधार यांसी. विषय, विषफुंकर या मंत्राचा पल्ला दहा फुटांवरून तीस फूट करून मिळणेबाबत. महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की..." पुढे लुटारूची हकिगत, सांगाड्यांची हकिगत, मास्तरांचं गणित. दीड पान झालं. खाली सही केली. आणि मग हाताने, डोक्याला न विचारता, डाव्या कोपऱ्यात चालू क्रमांक टाकला आणि रजिस्टरात ओळ लिहिली. तेवढ्यात साहेबांनी बोलावलं म्हणून ते उठले. कागद ट्रेमध्ये राहिला.

ट्रेमधलं टपाल उचलायला जुना शिपाई आला. तो काकांइतकाच मुरलेला माणूस. पत्रावर क्रमांक आहे, सही आहे, पत्ता मात्र नाही. अशा पत्राचं काय करायचं याचा नियम भिंतीवर चिकटवलेलाच होता. "पत्त्याचा बोध न झाल्यास पत्र मुख्य कार्यालयाकडे पाठवावे." हा नियम अकरा वर्षांपूर्वी खुद्द जावककाकांनी लिहिला होता. शिपायाने तो पाळला.

मुख्य कार्यालयाचं उत्तर चौथ्या दिवशी आलं. तराजूच्या तक्रारीला तिथून उत्तर यायला चार महिने लागायचे, पण हा विषय त्यांना सोपा वाटला असावा. अंतर वाढवायचं आहे, आणि अंतर हा मापाचाच भाग. सोबत छापील नमुना होता, तीन प्रतींत भरून पाठवण्यासाठी. साधनाचे नाव. सध्याचा पल्ला. प्रस्तावित पल्ला. वापराचे ठिकाण. वापराची वेळ. यापूर्वीच्या वापराचा तपशील. विष म्हणजे काय आणि ते का फुंकायचं, असं कोणीच विचारलं नव्हतं. नमुन्यात तसा रकाना नव्हता.

साहेबांनी मात्र विचारलं. त्यांनी काकांना केबिनमध्ये उभं करून पत्र दोनदा वाचलं.

"शत्रू कोण आहे, काका?"

"आत्तापर्यंत उंदीर, सांगाडे आणि लुटारू, साहेब. पुढचे अजून कळलेले नाहीत."

"पुढचे कळलेले नाहीत." साहेबांनी मान वर केली. "तुमच्या टेबलापासून माझी खुर्ची किती लांब आहे?"

काकांनी खेळ समजावून सांगितला. फासे, पट, लेक, सगळं. साहेब ऐकून घेत होते, पण त्यांची नजर काचेतून काकांच्या टेबलाकडे जात होती. मग म्हणाले, "हे बघा, सोपं आहे. रजिस्टरातली ती ओळ खोडा. पत्र गेलंच नाही असं मी वर कळवतो. विषय संपला."

"पत्र गेलंय, साहेब."

"ते मलाही माहीत आहे."

"मग गेलं नाही असं कसं लिहायचं? अठ्ठावीस वर्षांत मी ओळ खोडलेली नाही."

"मग निस्तरा तुम्हीच," साहेब म्हणाले, आणि त्यांनी शिपायाला टेप आणायला सांगितला. काकांच्या टेबलापासून साहेबांच्या खुर्चीपर्यंतचं अंतर नऊ फूट चार इंच भरलं. संध्याकाळपर्यंत काकांचं टेबल खिडकीपासून हलवून हात धुण्याच्या नळाशेजारी ठेवण्यात आलं. तिथे दर पाच मिनिटांनी कोणीतरी येऊन चूळ भरायचं आणि जाताना विचारायचं, "काय काका, इकडे कसे?" काकांनी नळाच्या आवाजात नमुना भरला. सगळं खरं लिहिलं. वापराचे ठिकाण, अर्जदाराचे राहते घर, जेवणाचे टेबल. वापराची वेळ, रविवार दुपारी चार. यापूर्वीच्या वापराचा तपशील, आठ वेळा, परिणाम निरंक.

चौथ्या रविवारी एका घुबडावर मारलेली नववी फुंकरही निरंक गेली. पुढच्या आठवड्यात वरून पत्र आलं की कार्यालयीन कामात खोळंबा नको म्हणून तपासनीस सहाव्या रविवारी दुपारी चार वाजता वापराच्या ठिकाणी येऊन प्रत्यक्ष पाहणी करतील. काकांनी ते पत्र खिशात ठेवलं. लेकीला सांगायला हवं होतं, पण तोंड कसं उघडायचं ते कळेना. पाचव्या रविवारी खेळ झाला की सांगू, असं त्यांनी ठरवलं.

पाचव्या रविवारी जे झालं त्यात विनोदाचा भाग कमी होता. एका दलदलीतल्या बेडकावर काकांनी दहावी फुंकर मारली. लेकीने पडद्याआड फासा टाकला. क्षणभर थांबली. मग म्हणाली, "पाच. लागली, बाबा."

कॅशियरने टेबलावर थाप मारली. डॉक्टरने टाळी द्यायला हात पुढे केला. काका फासा घ्यायला टेबलावरून वाकले, आणि त्यांचा कोपर लागून पुठ्ठा आडवा झाला. मागे फासा होता. त्यावर अठरा होते.

"हे अठरा आहेत," काका म्हणाले.

"बाबा, जाऊ दे ना."

"अठराला पाच कसं लिहायचं?"

"खेळ आहे हा. तुला एकदा तरी लागावी असं वाटलं मला. एवढंच."

"खोटी नोंद नको," काका म्हणाले. ते ऑफिसातल्या आवाजात म्हणाले, आणि तसं म्हणायचं नव्हतं हे त्यांना वाक्य संपायच्या आत कळलं. लेकीने फासा उचलला, वहीत अठरा लिहिले, आणि म्हणाली, "निरंक. आजचं पुरे." तिचे डोळे भरले होते. पाहुण्यांनी आपापली बिस्किटं आवरली.

त्या आठवड्यात ती बापाशी बोलली नाही. "जेवलीस का" ला मान हलवून उत्तर यायचं. तिची खोली बंद, आत सामान बांधण्याचा आवाज. काका आपल्या खुर्चीत बसून त्या दाराकडे बघत राहायचे. एका संध्याकाळी काही सुचेना म्हणून त्यांनी टेप काढून मोजलं. खुर्चीपासून दारापर्यंत अकरा फूट. त्यांनी टेप गुंडाळून ठेवला.

तपासनिसांचं तर सांगायलाच हवं होतं. शेवटी काकांनी कागदावर सूचना लिहिली, क्रमांक टाकला, आणि योग्य मार्गाने पाठवली, म्हणजे काकूंच्या हाती दिली. काकूंनी वाचली आणि कपाळावर हात मारला.

"अहो, सरकारी माणूस आपल्या जेवणाच्या टेबलाची पाहणी करायला येणार? का?"

"मी अर्ज केला होता."

"कोणाला?"

"लेकीला."

काकूंनी कागद उचलला. सूचना लेकीच्या खोलीत गेली आणि अर्ध्या तासाने परत आली. खाली लेकीचं अक्षर होतं, "वाचले," आणि तारीख. काकूंनी तो कागद काकांपुढे टाकला. "दोघं एकाच मातीचे," त्या म्हणाल्या. "मी मधल्या मधे टपालपेटी." आणि टेबलावर अंथरायला धुतलेली चादर काढायला गेल्या, कारण पाहणी म्हटलं की टेबल स्वच्छ हवं.

सहाव्या रविवारी चारला एक मिनिट कमी असताना तपासनीस बाई आल्या. हातात फाईल, खांद्याला पिशवी, पिशवीत सरकारी शिक्क्याचा पोलादी टेप. त्यांनी चहा नाकारला, कारण पाहणी चालू असताना काही घ्यायचं नसतं. मग पटाचा एक चौकोन मोजला.

"हा एक इंच आहे. अर्जात फूट म्हटलंय."

"एक इंच म्हणजे पाच फूट," लेक म्हणाली.

"प्रमाण कुठे लिहिलंय?"

लेकीने पटाचा उजवा कोपरा दाखवला. तिथे प्रमाण लिहिलं होतं, खाली तारीख, खाली तिची सही. बाईंनी चष्मा वर करून ते वाचलं, आणि पहिल्यांदा त्यांचा चेहरा जरा सैल झाला. "व्यवस्थित आहे," त्या म्हणाल्या. "नाहीतर लोक काहीही मोजतात." काकांनी लेकीकडे पाहिलं. लेक पटाकडे बघत होती. काकांना मात्र छाती भरून आल्यासारखं झालं, आणि ते लपवायला त्यांनी उगाच फासे एका रांगेत लावले.

खेळ सुरू झाला. दलदलीच्या मधोमध शेवटचा शत्रू होता, बैलगाडीएवढा सरडा, ताकद एकशे सात. तासाभरात त्याने कॅशियरच्या तिरंदाजाला शेपटीने आडवं केलं. डॉक्टरची तलवार त्याच्या पाठीवर मोडली. तो अजून उभा होता, ताकद होती तेवढीच. काकांचा मांत्रिक चार चौकोन लांब होता, म्हणजे वीस फूट, म्हणजे सुरक्षित.

"काय करणार, बाबा?" लेकीने विचारलं. बापाशी बोललेलं आठवड्यातलं तिचं पहिलं पूर्ण वाक्य होतं ते.

"तीस फूट असते तर इथूनच मारली असती."

"नाहीयेत."

"मग दोन चौकोन पुढे जातो," काका म्हणाले. "आणि फुंकर."

"तो एका फटक्यात मारेल तुला."

"तेही लिहून घे."

लेकीने वीस बाजूंचा फासा उचलला आणि पडदा जवळ ओढला. तपासनीस बाईंनी पेन वर केलं. "फासा पडद्याआड टाकणार?"

"तशी पद्धत आहे."

"मग मी पाहणीत काय लिहू? पुठ्ठा पाहिला, असं?"

लेकीने काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, "बाईंनाच टाकू दे. त्या त्रयस्थ आहेत." लेकीने पडदा मिटवून खाली ठेवला आणि फासा बाईंच्या हातात दिला. बाईंनी तो उलटसुलट करून पाहिला, सगळ्या बाजू मोजल्या, वीस भरल्या, तेव्हा टाकला. फासा टेबलाच्या कडेपर्यंत घरंगळत गेला आणि काकूंच्या चहाच्या कपाला अडून थांबला.

चार.

"चार," बाईंनी वाचलं आणि लिहिलं. "म्हणजे?"

"लागली," लेक म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "बाबा, लागली. खरी लागली."

काकांनी बारा बाजूंचा फासा दोन्ही हातांच्या ओंजळीत धरला. दहा फुंकरी, सहा रविवार, नळाशेजारचं टेबल, सगळं त्या ओंजळीत होतं. त्यांनी तो टाकला.

एक पडला.

लेकीने वही उघडली. एकशे सातमधून एक वजा केला, एकशे सहा लिहिले, आणि खाली रेघ मारली. मग तिला हसू फुटलं. ती टेबलावर डोकं टेकून हसायला लागली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मग त्यातलं हसू किती आणि रडू किती हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. काकाही हसत होते. अठ्ठावीस वर्षांत ऑफिसातल्या कोणी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं, आणि घरातही फारसं नाही.

पुढच्याच फेरीत सरड्याने मांत्रिकाला गिळलं. थोड्या वेळाने डॉक्टरही पडली. सरडा एकशे सहा ताकदीनिशी दलदलीत परत गेला. हरलो, पण हरल्यासारखं कोणालाच वाटलं नाही. तपासनीस बाईंनी अहवाल तिथेच लिहून वाचून दाखवला. साधन चालू स्थितीत आहे. परिणाम अल्प. पल्ला अपुरा. साक्षीदार म्हणून चौघांच्या सह्या झाल्या. मग बाईंनी फाईल बंद केली आणि काकूंना म्हणाल्या, "आता चहा चालेल." आणि जाताना दारात थांबून लेकीला विचारलं, "तो सरडा मेला असता तर पुढे काय होतं?"

मंगळवारी लेक गेली. काकांनी स्टेशनवर "झेरॉक्स ठेवलीस का" असं विचारलं, आणि ती हो म्हणाली. दोघांनाही ते पुरलं नाही, पण गाडी सुटली.

घर एकदम मोठं झालं. रविवारी चार वाजता काका टेबलाशी येऊन बसायचे आणि काकू समोर चहा ठेवायच्या. असे पाच रविवार गेले. सहाव्या आठवड्यात मुख्य कार्यालयाचं पत्र आलं. तपासनिसांच्या अहवालावरून, खास बाब म्हणून, विषफुंकर या साधनाचा पल्ला दहा फुटांवरून तीस फूट करण्यास मंजुरी देण्यात येत आहे. साहेबांनी ते वाचलं आणि काकांचं टेबल नळापासून आणखी लांब, जिन्याखाली नेलं. तिथे अंतर एकतीस फूट भरत होतं.

रविवारी चार वाजता काकांनी फोन लावला.

"जेवलीस का?"

"हो. बाबा, काय झालं?"

"मंजुरी आली. अंतर वाढवून मिळालं."

"खरंच? किती?"

"तीस फूट."

पलीकडे ती हसली. "नाही पुरत रे, बाबा," ती म्हणाली. "इथून घरापर्यंत नाही पुरत."

"माहीत आहे मला," काका म्हणाले. त्यांनी टेबलावरचा कागद पुढे ओढला. "फेरविचाराचा अर्ज लिहिलाय. घालू का टपालात?"

"घाल. आणि फासे बाहेर काढून ठेव. पट माझ्याकडे आहे, मी चौकोन सांगते तुला. नवा मांत्रिक घे."

काकांनी डाव्या कोपऱ्यात क्रमांक टाकला. मग तिला विचारून विचारून, घर नंबर, गल्ली, मजला, या वेळी त्यांनी पत्ता पूर्ण लिहिला.